ओसरीवरून : पहिल्या वर्षाची दिवाळी

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलं की घरातून सूचना सुरू होतात. कुणी म्हणतं, फराळावर लिही; कुणी म्हणतं, माहेरच्या आठवणी लिही. यंदा मी कॉलेजवर लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘अगं, कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत. दिवाळीत कुणी त्याबद्दल वाचतं का?’

वाचकहो, मला विचाराल तर दिवाळीच त्याची खरी वेळ आहे. ज्यांची मुलं बारावीला आहेत, त्यांना निवांत बसून बोलायला ही शेवटचीच सुट्टी. पुढं परीक्षा, मग निकाल आणि मग नुसती धावपळ. आणि ज्यांची मुलं यंदाच पहिल्या वर्षाला गेली, ती पहिल्यांदा जरा जास्त दिवस घरी येतात ती याच सुट्टीत. चार महिन्यांत काय झालं ते त्यांच्या पिशवीतल्या मळक्या कपड्यांइतकंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. फक्त पाहणारं कुणी हवं.

माझं माहेर चौसाळ्याचं. बीडहून सोलापूरकडं निघालं की मांजरसुंब्याच्या पुढं, पस्तीसेक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. गावच्या एस. टी. थांब्यावर उभं राहिलं की डावी-उजवी अशा दोनच दिशा. एकीकडं बीड आणि छत्रपती संभाजीनगर, दुसरीकडं धाराशिव, तुळजापूर, सोलापूर. आमच्या गावच्या पोरांचं शिक्षण म्हणजे यातली एक गाडी पकडणं. भाऊबीजेला मी डोंबिवलीहून जाते तेव्हा बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं बाजारात आलेली असतात आणि हमरस्त्यावरून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर जात असतात. वर भांडीकुंडी, त्यावर बसलेली लहान मुलं. निम्मं गाव सणाला येत असतं, आणि शिवारातली कितीतरी माणसं त्याच दिवसांत घराबाहेर पडत असतात.

गोष्ट २०२४ सालच्या भाऊबीजेची. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, जूनमध्ये पुण्याला गेली होती. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. कॉलेज नावाजलेलं. दादानं गावभर पेढे वाटले होते. ती घरी आली, अभ्यंगस्नान झालं, लक्ष्मीपूजन झालं, आणि भाऊबीजेच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना ती पानाकडं बघत म्हणाली, “बाबा, मी परत जाणार नाही.”

कुणी काही बोलेना. वहिनीच्या हातातला पुरीचा झारा तसाच राहिला. दादा आधी हसला, मग गप्प झाला, आणि मग जे सगळेच बाप बोलतात ते बोलला. फी किती भरली, डिपॉझिट किती गेलं, गावात तोंड कसं दाखवायचं. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताटातला भात सारखा करत राहिली.

तेव्हा आमचे आबा बोलले. आबा म्हणजे वडिलांचे धाकटे चुलते. वय पंच्याऐंशी. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ऐकू कमी येतं, पण हवं ते नेमकं ऐकू येतं. ते म्हणाले, “आधी जेवू द्या तिला. कॉलेज कुठं पळून चाललंय? मी बी असाच आलतो एकदा.”

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

आबा कॉलेजला गेले ते १९५८ साली, औरंगाबादेला. त्याच साली २३ ऑगस्टला पंडित नेहरूंच्या हस्ते तिथं मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याआधी आमच्या भागातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. ते विद्यापीठ १९१८ सालचं. निजामाच्या काळात तिथं शिकवण्याची भाषा उर्दू. म्हणजे बीडकडच्या मुलाला कॉलेज शिकायचं तर दूर जायचं आणि वर परक्या भाषेत शिकायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्याच्या पोरांना कॉलेज आपल्याच मुलखात मिळावं, याची ती केवढी मोठी सोय होती, हे आज चार कॉलेजांच्या माहितीपुस्तिका चाळून नाक मुरडणाऱ्या आपल्याला कळायचं नाही.

तर आबा त्या वर्षी एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गेले आणि दिवाळीला तीच ट्रंक, तीच वळकटी घेऊन परत आले. शिकवणं सगळं इंग्रजीतून. हजेरी सोडून एक शब्द कळत नव्हता. वडिलांना त्यांनी सांगितलं, मी शेतच करतो. वडील निरक्षर. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “बैल वैरण खात नसला तर आपण काय करतो? वैरण कुजकी हाय का बघतो, गोठा गळतोय का बघतो, बैलाचा दात दुखतोय का बघतो. न बघता बैल बाजारात नेत न्हाई. तुझं काय दुखतंय?”

आबांचं दुखणं एकच होतं. इंग्रजी. ते परत गेले, एका प्राध्यापकांना जाऊन तसं सरळ सांगितलं. त्यांनी रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून त्याचं मराठी करून आणायला लावलं. पहिले दोन महिने आबांना एका रकान्याला रात्रीचे तीन तास लागत. पुढं ते बी. ए. झाले, मास्तर झाले आणि आयुष्यभर इंग्रजीच शिकवली.

दुपारी सगळे लवंडल्यावर मी भाचीला घेऊन गच्चीवर गेले. जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून पाठीमागं तीन खण आखले : विषय, कॉलेज, राहणं. म्हटलं, “एकेक खण भर. ‘सगळंच वाईट’ असं लिहायचं नाही.”

विषयाच्या खणात पहिल्यांदा गोंधळच होता. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज बीडच्या एका इंटरनेट कॅफेत भरलेला. दादा तिथं गेला, कॅफेवाल्यानं विचारलं, “कोणते विषय टाकू?” दादा म्हणाला, “मुलींना चांगले असतात ते टाका.” असे तीन विषय पडले : रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र. पोरगी शेजारी उभी होती, तिला कुणी विचारलं नाही. आणि पुढं औषधाच्या कंपनीत नोकरी लागते म्हणून मुख्य विषय रसायनशास्त्र, हे घरात आधीच ठरून गेलं. पण तिच्या चाचण्यांचे गुण पाहिले तर संख्याशास्त्रात ती वर्गात पहिल्या पाचांत. मी विचारलं, “हा आवडतो?” तर म्हणाली, “हो. पण त्याचं पुढं काय होतं, ते मला माहीत नाही.”

कॉलेजच्या खणात तिला वाईट असं लिहायला काहीच सापडेना. प्राध्यापक वेळेवर येतात, प्रयोगशाळा चांगली, मुली बोलायला बऱ्या.

तिसरा खण मात्र गच्च भरला. खोली कॉलेजपासून इतकी लांब की दोन सिटी बस बदलाव्या लागत. सकाळी साडेसहाला निघायचं, प्रॅक्टिकल पाचला सुटायचं, खोलीवर यायला सात वाजायचे. ज्या दिवशी बस चुकेल त्या दिवशी खाणावळ बंद. आठवड्यातून दोन-तीन रात्री ती बिस्किटं खाऊन झोपत होती. चार महिन्यांत ग्रंथालयात ती एकदाही बसलेली नव्हती, कारण त्याच वेळेची बस. ही खोली कशी निवडली? तर घरमालक ‘आपल्या भागातले’, आणि कॉलेजजवळच्या खोलीपेक्षा भाडं महिना हजार रुपयांनी कमी.

बघा, वाचकहो. पोरगी म्हणत होती, कॉलेज सोडते. घरचे म्हणत होते, पोरगी कच्ची निघाली. आणि खरी गोष्ट हजार रुपयांची होती.

मला तेव्हापासून वाटू लागलं आहे की आपण कॉलेज निवडतो म्हणजे एक नाव निवडतो, आणि त्या नावाच्या पोटातल्या तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहतच नाही. विषय वेगळा, कॉलेज वेगळं, राहणं वेगळं. तिन्ही वेगवेगळी निवडायला हवीत, आणि पुढं बिघाड झाला तर तो कुठल्या खणातला हे आधी शोधायला हवं. ज्यांच्या घरी बारावीचं मूल आहे त्यांनी याच सुट्टीत असं एक पान आखावं.

पहिला खण विषयाचा, आणि तो मुलानं स्वतःच्या हातानं भरायचा. कुठल्या विषयाचं पुस्तक तो परीक्षा नसतानाही उघडतो, ते पाहा. त्या विषयाचं ‘पुढं काय होतं’ हे शोधणं मात्र आपलं काम. मुलाला ते ठाऊक नसतं. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही वीस वर्षांपूर्वीचंच ठाऊक असतं. शेजारच्या मुलाला काय मिळालं एवढ्यावर विसंबू नये. त्या विषयात पदवी घेऊन दोन-तीन वर्षं झालेल्या कुणाला तरी गाठावं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काम करता, असं विचारावं.

विषय ठरला की दरवाजा कुठला, हे वेळेवर पाहावं. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्याची सी. ई. टी. लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बी. बी. ए., बी. सी. ए., बी. एम. एस. यांनाही २०२४ सालापासून सी. ई. टी. सुरू झाली, हे कित्येक घरांना निकाल लागल्यावर कळलं. बारावीला उत्तम गुण, आणि परीक्षेचा अर्जच भरलेला नाही! नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून ओळखीच्यांचं ऐकून न थांबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलानं आणि आई-वडिलांपैकी एकानं, दोघांनी वाचावी. पसंतीक्रम भरायचा असेल तर मनात खरोखर जे पहिलं आहे तेच पहिलं लिहावं. ‘मिळणार नाही’ म्हणून खाली टाकलेलं पुन्हा वर काढता येत नाही. आणि अर्ज कॅफेत भरा नाहीतर घरी, कळफलकावर बोटं मुलाची असू द्या.

दुसरा खण कॉलेजचा. इथं नावाला भुलू नये आणि नावाला नाकही मुरडू नये. नॅकची श्रेणी पाहावी, पण ती साऱ्या संस्थेला मिळालेली असते. तुमच्या मुलाच्या विषयाचा विभाग कसा आहे ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एकदा जाऊन यावं, आणि तेही साध्या कामाच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळीच कॉलेजं सुंदर दिसतात. दुपारी दोनला वर्ग भरलेत का? प्रयोगशाळेची दारं उघडी आहेत का? ग्रंथालयात बसायला जागा आहे का, आणि ते किती वाजता बंद होतं? त्या विषयाला कायमचे प्राध्यापक किती आणि तासिकेवर येणारे किती, हे विचारायला लाजू नये. कार्यालयात नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजावा. ती सगळं सांगतात.

शहरातल्या वाचकांना इथं एक सांगावंसं वाटतं. मुंबई-पुण्यात आपण घराजवळचं कॉलेज म्हटलं की थोडं खालचं समजतो. आमच्या गावाकडं याच समजुतीनं पोरं बीड, अंबाजोगाई सोडून लांब जातात. अंबाजोगाईची योगेश्वरी शिक्षण संस्था १९१७ सालची. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं मास्तरकी केली होती. त्यांच्याच नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आज त्या गावात आहे. जवळ आहे म्हणून हलकं आणि लांब आहे म्हणून भारी, हा हिशेब चुकीचा. लांब जावं, जरूर जावं, पण जवळ जे मिळत नाही त्यासाठी जावं.

तिसरा खण राहण्याचा. हा आपण सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत भरतो, आणि माझ्या भाचीसारखी कितीतरी मुलं इथंच ठेचकाळतात. फी सगळे विचारतात. पण खोली, खाणावळ, बसभाडं, पुस्तकं, प्रॅक्टिकलचं सामान, मोबाइलचा खर्च, वर्षातून चार वेळा घरी येणं आणि एखादं आजारपण हे सगळं एका कागदावर मांडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. तो आकडा मुलापासून लपवू नये. ज्याला घरचा आकडा ठाऊक असतो ते मूल सहसा उधळत नाही; आणि ज्याला ठाऊक नसतो ते कधीकधी घाबरून उपाशी राहतं. पैसे वाचवायचेच तर कपड्यांत वाचवा, मोबाइलमध्ये वाचवा. कॉलेजपासूनच्या अंतरात वाचवू नका. रोजचे तीन तास बसमध्ये गेले तर ते कुठल्याच हिशेबात परत मिळत नाहीत.

आता मदतीबद्दल. शासनाच्या शिष्यवृत्त्या आणि फीच्या सवलती बहुतेक महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून मिळतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना रीतसर प्रवेशफेरीतून गेलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं काढली आहेत. ज्या घरात मोलकरीण, वॉचमन, ड्रायव्हर येतात त्या घरातल्या बायकांनी हे त्यांनाही सांगावं. त्यांच्या मुलांना ही माहिती आपल्यापेक्षा जास्त लागते.

पण या सगळ्याला कागद लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. ते जूनमध्ये मागायला गेलात तर रांग तालुक्याएवढी असते. बारावीच्या दिवाळीतच अर्ज टाकून ठेवावा. आमच्या ओळखीत एका मुलाची मिळालेली जागा याच एका कागदापायी हातची गेली. गुण होते, पैसे होते, कागद नव्हता.

आता प्रवेश झाल्यानंतरचं. पहिल्या वर्षाचे पहिले सहा आठवडे फार मोलाचे. घरापासून तुटलेलं मूल त्या दिवसांत ज्या सवयी लावून घेतं त्याच पुढं चालतात. मुलांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी सांगते, सोप्या आहेत.

वर्गात पहिल्या तीन बाकांवर बसा. मागं बसलं की मोबाइल निघतो आणि शिकवणं ऐकू येत नाही. हजेरी ७५ टक्के लागते, पण कॉलेजात जायचं ते टक्क्यांसाठी नव्हे. इंग्रजी कळत नसेल तर आबांसारखं एका प्राध्यापकांना जाऊन सरळ सांगा. ‘सर, मला कळत नाही’ हे वाक्य मराठीत म्हटलं तरी चालतं. दुसरं, चाचण्या आणि अंतर्गत गुण हलके समजू नका. नव्या पद्धतीत एका सत्राचे साधारण २२ श्रेयांक असतात आणि त्यातला चांगला वाटा वर्षभरातल्या कामावर असतो. शेवटच्या महिन्यात रात्री जागून तो मिळत नाही. तिसरं, ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा आणि रोज निदान एक तास तिथं बसा. खोलीत एकट्यानं घराची आठवण काढत बसण्यापेक्षा ते बरं. चौथं, एक तरी मित्र किंवा मैत्रीण अशी जोडा की ताप आल्यावर जिला हाक मारता येईल. कुणी त्रास दिला, रॅगिंग केलं, तर सोसू नका. आपल्या राज्यात त्याविरुद्ध १९९९ सालापासून कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ हा फोन रात्रीसुद्धा उचलला जातो.

आणि आई-वडिलांनो, फोन जरूर करा, पण दिवसातून पाच वेळा नको. आणि पहिला प्रश्न ‘अभ्यास कसा चाललाय’ असा नको. ‘काल रात्री काय जेवलास?’ असं विचारा. मूल त्याचं उत्तर देताना अडखळलं तर समजा, काहीतरी बिनसलंय. माझ्या वहिनीनं चार महिने रोज फोन केला होता. रोज विचारलं, “बरी आहेस ना?” पोरगी रोज म्हणाली, “हो.” असल्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं.

तुम्ही म्हणाल, भाचीचं पुढं काय झालं? त्या संध्याकाळी कॅलेंडरचं ते पान दादापुढं ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसत बसला. म्हणाला, “बिस्किटं खाऊन झोपत होती, आणि आम्ही इथं पेढे वाटत होतो.” आबांनी त्याला बोलू दिलं, आणि मग एकच अट घातली : सत्राची परीक्षा दिल्याशिवाय सोडायचं की राहायचं हे कुणी ठरवायचं नाही. मिळवलेले श्रेयांक आता विद्यार्थ्याच्या नावानं खात्यात जमा राहतात. पुढं कॉलेज बदललंच तरी ती पुंजी हाताशी असलेली बरी.

ती परत गेली. दादानं त्या वर्षी मोटारसायकल बदलायची ठरवलं होतं ते राहिलं, आणि कॉलेजपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर तिला खोली घेऊन दिली. पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात ती राहिली, ते तिनं पुढं सोडवलं. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतूनच दुसऱ्या वर्षी मुख्य विषय निवडायचा होता. २०२५ च्या जूनमध्ये तिनं संख्याशास्त्र घेतलं. अर्ज तिनंच भरला आणि मग घरी कळवलं.

पण प्रत्येकानं परतच जावं असं माझं म्हणणं नाही. आमच्याच आळीतला एक मुलगा अभियांत्रिकीला गेला होता. त्याचं दुखणं पहिल्याच खणातलं होतं. त्याला ते शिकायचंच नव्हतं. त्याची खोली चांगली, कॉलेज चांगलं, आणि तो मात्र वाळत चाललेला. त्याच्या आई-बापांनी वर्ष गेल्याचं दुःख गिळलं आणि त्याला बीडला बी. ए. ला घातलं. आता तो इतिहासावर बोलायला लागला की थांबत नाही. गावानं नावं ठेवली, महिनाभर. पुढं गावाला दुसरे विषय मिळाले.

परत निघाले त्या दिवशी भाची मला सोडायला थांब्यावर आली होती. बाईमाणसाला एस. टी. त अर्धं तिकीट झालंय २०२३ सालापासून, त्यामुळं आत सगळ्या बायकाच. तिच्या हातात माझ्यासाठी सीताफळांची पिशवी होती. मी म्हटलं, “परत जायला भीती वाटते का गं?”

“वाटते, आत्या,” ती म्हणाली. “पण आता कशाची वाटते ते तरी कळलंय.”

गाडी आली. पिशवी वर देताना तिनं बजावलं, “वरची दोन आजच खा, पिकलीत. खालची दोन दिवसांनी.”

तुमच्या घरी या दिवाळीत कुणी पहिल्या वर्षाचं पोर आलं असेल, तर फराळाचं ताट पुढं ठेवा, आणि गुणांचं विचारायच्या आधी एकदा तो कागद आखून बघा.